शेऱ्याचा रकाना

"अगं, पाच रुपये मिळाले ना तुला?"

काकूंचा फोन आला तेव्हा मी मिरच्यांची देठं काढत होते. २०२५ च्या मे महिन्याचा पहिला आठवडा. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरात या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. हॉलभर ब्याडगी आणि संकेश्वरी पसरलेली, जांभळी नाक्यावरून आणलेले धणे पाट्यांमध्ये, आणि मिरच्यांचा ठसका पार जिन्यापर्यंत. काकू घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतात. आमचा मसाला पहिल्या वर्षापासून घेतात. मी म्हटलं, "कसले पाच रुपये?"

"तुझ्याच माणसाचा फोन होता की! पत्त्यात विंग लिहायची राहिलीय, पार्सल परत जाईल, पाच रुपये भरून दुरुस्त करून घ्या म्हणाला. एक फाईल पाठवली त्यानं. मी उघडली ती. चुकलं का गं काही?"

त्यांच्या खात्यातून १८,४०० रुपये गेले होते, दोन वेळा मिळून. काकूंनी आधी मुलाला फोन लावला. तिकडे रात्र होती, त्याने उचलला नाही. मग शेजारी विचारलं, मग मला. या सगळ्यात तीन तास गेले. मी त्यांना फोन ठेवायला सांगून १९३० लावायला लावला आणि रिक्षा करून त्यांच्याकडे गेले. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभरचा एकच नंबर आहे. तिथे व्यवहाराचा नंबर आणि वेळ सांगितली की पैसे जिथे जिथे पुढे गेले त्या बँकांना कळवून ते अडवायचा प्रयत्न होतो. म्हणून पहिला तास मोलाचा. आम्हाला उशीर झाला होता, तरी दुसऱ्या वेळचे ६,४०० अडले. बाकीचे गेले ते गेलेच. त्याच दुपारी काकूंच्या डायनिंग टेबलवर बसून आम्ही सरकारी पोर्टलवर तक्रारही भरली.

तक्रार भरताना काकू एक वाक्य बोलल्या. "तो इतका आपुलकीनं बोलत होता गं. म्हणाला, काकू, तुम्ही एकट्या असता, मुलगा परदेशात, बँकेत कशाला हेलपाटा घालता, मी फोनवरच सांगतो."

मी लिहिता लिहिता थांबले. काकूंनी एक किलो घाटी मसाला आणि अर्धा किलो गोडा मसाला मागवला होता, हेही त्याला ठाऊक होतं. पण ते एक वेळ पार्सलवरून कळेल. मुलगा परदेशात आहे हे त्याला कुणी सांगितलं?

मी सांगितलं होतं. माझ्या ऑर्डरच्या शीटमध्ये.

आमची साधी ऑनलाइन शीट होती. नाव, फोन, पत्ता, काय मागवलं, पैसे आले की यायचे, आणि सगळ्यात शेवटी 'शेरा'. त्या रात्री मी ती वरपासून खालपर्यंत वाचली, पहिल्यांदाच अशा नजरेने. शेऱ्याच्या रकान्यात माझ्या हातचं काय काय होतं ते इथे लिहिते, माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेताने.

'एकट्या असतात, मुलगा परदेशात, हळू बोला.' 'दुपारी २ ते ४ घरी कुणी नसतं, पार्सल वॉचमनकडे.' 'चावी समोरच्या वहिनींकडे.' 'ऐकू कमी येतं, बेल दोनदा वाजवा.' 'बाळंतीण आहे, बेल वाजवू नका.' 'यजमान गेले मार्चमध्ये. या वेळी पैसे लगेच मागू नयेत.'

यातलं एकही वाक्य मी वाईट हेतूने लिहिलेलं नव्हतं. मोठ्या कंपन्यांना जमत नाही ते आपण करतो, माणसं लक्षात ठेवतो, याचा मला अभिमान होता. आणि नेमकी तीच माया त्या माणसाने काकूंशी बोलताना वापरली, माझ्याच शब्दांत. १८,४०० रुपयांपेक्षा मला ते जास्त लागलं.

ही शीट बाहेर गेली कशी, याचा शोध घेणं फार अवघड नव्हतं. २०२१ मध्ये वेबसाइट केली तेव्हा पार्सल उचलायला येणाऱ्या पोरांना पत्ते पटापट मिळावेत म्हणून मी शीटची लिंक 'ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकेल' अशी ठेवली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. चार वर्षांत कुरिअर तीनदा बदललं. पोरं किती बदलली याची गणतीच नाही. लिंक मात्र तीच. नक्की कुणी, केव्हा, कुणाला दिली हे मला आजही सिद्ध करता येणार नाही, आणि ज्या पोरांनी उन्हातान्हात माझी पार्सलं वाहिली त्यांच्यावर मी संशयाचं बोट ठेवणार नाही. दार मी उघडं टाकलं होतं. त्याच रात्री लिंक बंद केली.

आता प्रश्न होता, शीटमधल्या बाकीच्यांचं काय? १,१४० नावं होती.

घरात दोन दिवस हाच विषय. नवरा म्हणाला, "एकच प्रकार झालाय. सगळ्यांना कळवलंस तर सीझन बसेल." ओळखीच्या एका दुकानदारानेही तेच सांगितलं, की असलं कुणी सांगत नसतं. सासूबाई मसाल्याचं सामान भाजत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या आणखी कुणाचे गेले आणि तुला आधीच ठाऊक होतं असं कळलं, तर त्या बाईला तोंड दाखवशील का?"

मी आमच्या सोसायटीतल्या वकीलताईंकडे गेले. त्या ठाण्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करतात. त्यांनी मला जे समजावलं ते आपल्यासारख्या घरून व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक हवं म्हणून सविस्तर लिहिते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेत २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यात आपल्यासारख्याला 'डेटा विश्वस्त' म्हटलंय, म्हणजे दुसऱ्याची माहिती विश्वासाने हाती असलेला. माहिती नीट न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि ती फुटल्याचं न कळवल्यास २०० कोटींपर्यंत. मी हबकले. ताई म्हणाल्या, ही कमाल मर्यादा आहे, प्रकरण केवढं आहे ते बघूनच दंड ठरतो, आणि नियम अजून यायचे असल्याने ही कलमं लागू व्हायला वेळ आहे. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ते नियम आले. माहिती फुटली तर ज्याची त्याची त्याला विनाविलंब कळवायचं आणि ७२ तासांत डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल द्यायचा, असं त्यांत आहे. हे प्रत्यक्ष लागू व्हायला नियम आल्यापासून अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे.

म्हणजे त्या मे महिन्यात न कळवल्याबद्दल या कायद्याने मला कुणी दंड केला नसता. ताईंनी हे स्वच्छ सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आता तुम्ही ठरवा."

मजकूर आम्ही दोघींनी मिळून लिहिला. पहिल्या खर्ड्यात मी 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं लिहिलं होतं. ताईंनी त्यावर रेघ मारली. "तांत्रिक काय आहे त्यात? लिंक उघडी होती, तसं लिहा." शेवटी गेला तो निरोप असा:

'नमस्कार. तुमचं नाव, फोन, पत्ता, तुम्ही काय मागवलंत आणि डिलिव्हरीसाठी आम्ही केलेल्या नोंदी ज्या शीटमध्ये होत्या, तिची लिंक आमच्या चुकीमुळे उघडी राहिली. ती माहिती वापरून आमच्या एका ग्राहकाची फसवणूक झाली आहे. तुमचे कार्ड किंवा बँकेचे तपशील आमच्याकडे नव्हते. आम्ही फोनवर कधीही पैसे भरायला किंवा फाईल उघडायला सांगत नाही. असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. चूक आमची आहे. तुमच्याबद्दल काय नोंद होती हे हवं असेल तर विचारा, सांगू. काढून टाकायची असेल तर काढू.'

पाठवायला दोन दिवस लागले. एकगठ्ठा पाठवलं तर जाहिरात समजून लोक वाचणार नाहीत, म्हणून मी आणि नणंदेने नावानिशी पाठवलं. वयस्कर ग्राहकांना फोन केले. काहीजण रागावले, रागवायलाच हवं होतं. ऑर्डर रद्द करणारे मोजून सतरा. चौघांनी कळवलं की त्यांनाही असेच फोन आले होते. त्यातल्या एका आजोबांना फाईल आलेली होती, उघडायची राहिली होती. त्या एका माणसासाठी तरी ते दोन दिवस कारणी लागले.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला एक निरोप आला. "ताई, शीटचं ठीक आहे. पण तुमच्या दिवाळीच्या रीलमध्ये माझ्या पार्सलचं लेबल दिसतंय. मी इथे राहते हे काही लोकांना कळू नये म्हणून मी घर बदललं होतं."

मी रील उघडलं. फराळाचे डबे ओळीने खोक्यात बसताहेत, मागे आकाशकंदील, आणि सातव्या सेकंदाला एक खोकं कॅमेऱ्यासमोर वळतं. थांबवून मोठं केलं तर नाव, बिल्डिंग, फ्लॅट नंबर, सगळं वाचता येत होतं. सात महिने ते तसंच होतं. मी स्वतःच ते काढलं होतं, दहा वेळा बघितलंही होतं. मला दिसले ते चकल्यांचे डबे. लेबल दिसलं नाही, कारण त्यापासून मला धोका नव्हता.

रील तत्क्षणी उतरवलं. तिला फोन करू का म्हणून विचारलं, ती नको म्हणाली. मग लेखीच माफी मागितली. तिने मागितलं ते एकच, तिची सगळी नोंद पुसून टाका. ती कुठे राहते, कोणापासून लांब आली, हे मी विचारलं नाही.

पुसायला बसले तर नवीनच अडचण. शीटमधून ओळ काढली, फोनमधून नंबर काढला, पण बिलाचं काय? आम्ही पुण्या-नाशिकबरोबर बेंगळुरूलाही माल पाठवतो. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते, आणि जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. ती पुसा म्हणते, कायदा जपा म्हणतो. आमच्या सीएंना विचारलं तर ते म्हणाले, "पण तुम्ही बिलावर पत्ता छापताच कशाला?" नोंदणी नसलेल्या, म्हणजे घरगुती गिऱ्हाइकाचं ५० हजारांच्या आतलं वस्तूंचं बिल असेल, तर त्याने मागितल्याशिवाय नाव-पत्ता त्यावर घालणं नियमाने बंधनकारकच नाही. राज्य लिहिलं की पुरे. आम्ही मात्र वेबसाइटवाल्याने दिलेला नमुना डोळे मिटून वापरत होतो आणि प्रत्येक डाळीच्या पिठाच्या, प्रत्येक मेतकुटाच्या बिलावर अख्खा पत्ता वर्षानुवर्षं साठवत होतो. आता आमच्या बिलावर ऑर्डर नंबर आणि राज्य एवढंच असतं. जुन्या बिलांच्या फाईलला कुलूप आहे, ती फक्त सीए आणि मी उघडू शकतो. हे मी तिला जसंच्या तसं कळवलं, की जुन्या एका बिलावर तुमचं नाव राहील, का राहील, आणि कधीपर्यंत. तिने 'चालेल' असं उत्तर दिलं.

इतकं झाल्यावर मी वेबसाइटच काढून बसले. ताईंनी ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम वाचायला दिले होते, जुलै २०२० चे. ते फक्त मोठ्या पोर्टलांसाठी आहेत असा माझा समज होता. तो चुकीचा होता. स्वतःच्या वेबसाइटवरून विकणारी मीही त्यात येते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर हवा, तक्रार आल्याची पोच ४८ तासांत द्यायची, महिन्याभरात ती सोडवायची. आमच्याकडे ते पद आता माझं आहे. 'कोणत्याही कारणास्तव माल परत घेतला जाणार नाही' अशी ठसठशीत पाटी आमच्या साइटवर होती. खराब निघालेला किंवा वर्णनापेक्षा वेगळा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, म्हणजे ती पाटीच बेकायदा. ती काढली.

आणि ते घड्याळ. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने लावून दिलं होतं, 'ऑफर संपायला ९ मिनिटं ५९ सेकंद'. पान पुन्हा उघडलं की पुन्हा ९:५९. गोड्या मसाल्याखाली 'फक्त ३ शिल्लक', मग घरात पंधरा किलो का असेना. शिवाय ऑर्डर करताना ४० रुपयांच्या भेटखोक्यावर आधीच बरोबरची खूण केलेली. नको असेल त्याने शोधून काढायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'वर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अशा १३ फसव्या प्रकारांची यादी आहे. खोटी घाई पहिल्याच क्रमांकावर. आधीच केलेली खूण तर २०२० च्या नियमांतही चालत नाही, गिऱ्हाइकाने स्वतः केली तरच ती संमती. मी तिन्ही गोष्टी काढल्या. पुढच्या दिवाळीत भेटखोक्यांची विक्री निम्म्याहून खाली आली. याचा अर्थ आधीच्या वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांकडून मी न मागितलेल्या वस्तूचे पैसे घेत होते. ज्यांची नोंद सापडली त्यांना पुढच्या ऑर्डरीत ते ४० रुपये वजा करून दिले. सुरुवातीला नणंदेने हौसेने वेगवेगळ्या नावांनी लिहिलेले नऊ अभिप्रायही काढले. स्वतःच गिऱ्हाईक बनून अभिप्राय लिहायलाही मनाई आहे.

पाकिटांवरचा मजकूर आमचा बऱ्यापैकी नीट होता. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, अन्नसुरक्षा नोंदणीचा नंबर. प्रति ग्रॅम दर तेवढा राहिला होता, तो घातला, आणि पॅकिंगची तारीख सोडून बाकीची हीच माहिती वेबसाइटवरही द्यावी लागते ती दिली.

पण पाकीट हातात घेऊन बघताना एक गोष्ट माझ्या मनात शिरली ती अजून गेलेली नाही. वजनमापांच्या नियमांनुसार पॅक करणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन पाकिटावर छापावाच लागतो. गिऱ्हाइकाला दाद मागता यावी म्हणून ते योग्यच आहे. पण माझं दुकान म्हणजे माझं घर. माझी मुलगी जिथे संध्याकाळी एकटी अभ्यास करत बसते तो पत्ता हजारो पाकिटांवर छापून मी गावभर वाटते. एकदा एक अनोळखी माणूस रात्री नऊला 'मसाला आहे का' म्हणत दारात उभा राहिला होता. काही झालं नाही, पण दार लावल्यावर माझे हात गार पडले होते. तेच गार हात सातव्या सेकंदाला स्वतःचं लेबल बघणाऱ्या त्या मुलीचे झाले असतील. फरक एवढाच की माझा पत्ता मी जाणूनबुजून उघड केला होता, व्यवसायासाठी. तिने तिचा माझ्या एकटीच्या हाती दिला होता, चकल्या पोचाव्यात म्हणून. आता उथळसरला एक छोटा गाळा भाड्याने घेतलाय, पॅकिंग तिथे हललंय आणि पाकिटावर तोच पत्ता आहे.

राहता राहिली संमतीची सूचना. नव्या कायद्यात ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यायचा आहे. मी इंटरनेटवरून एक लांबलचक मराठी भाषांतर उचललं आणि सासूबाईंना वाचायला दिलं. चष्मा लावून त्यांनी दोन परिच्छेद वाचले आणि विचारलं, "म्हणजे मी हो म्हटल्यावर तू नेमकं काय काय करणार?" याचं उत्तर त्या तीन पानांत कुठेच नव्हतं. ते फेकून दिलं आणि त्यांना तोंडी जे सांगितलं तेच लिहिलं:

'पार्सल पोचवायला तुमचं नाव, पत्ता आणि फोन लागतो. तो कुरिअरला त्या दिवसापुरता देतो. वर्षभरानंतर काढून टाकतो. पुढच्या सीझनला आठवण करायची असेल तर खाली स्वतः खूण करा. नको वाटलं तर एका निरोपात बंद. तुमचा फोटो, चॅट किंवा पार्सल तुम्हाला विचारल्याशिवाय कुठेही टाकत नाही.'

कुरिअरच्या पोराला आता छापील लेबलं मिळतात, शीट नाही. व्हिडिओ काढायचा तर लेबल चिकटवायच्या आधी. शेऱ्याच्या रकान्यात फक्त पार्सलविषयी लिहायचं, माणसाविषयी नाही. 'वॉचमनकडे द्या' चालेल, का द्या ते नाही. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. यजमान गेलेल्या त्या बाईंकडे पैशाचा तगादा जाऊ नये हे मला अजूनही वाटतं. म्हणून असे सात-आठ फोन मी पॅकिंगच्या मुलींवर सोपवत नाही, स्वतः करते.

काकूंनी त्या वर्षी पुन्हा काही मागवलं नाही. मी फोन करायचे, त्या जुजबी बोलायच्या. कुठलाच फोन पटकन उचलत नसत. यंदा एप्रिलमध्ये त्यांचा आपणहून फोन आला. मी नाव सांगून बोलायला लागले तर मध्येच थांबवून म्हणाल्या, "थांब. तूच बोलतेयस कशावरून?"

मी गप्प झाले.

"माझ्या मसाल्यात मी काय घालू देत नाही?"

पहिल्या वर्षी त्या नौपाड्यात आमच्या घरी आल्या होत्या, डंकावर नेण्याआधी सगळं सामान स्वतःच्या हाताने तपासून गेल्या होत्या. ते कधी कुठल्या शीटमध्ये लिहिलं नव्हतं.

"दगडफूल," मी म्हटलं.

"हं. लिहून घे, एक किलो. आणि लवंगी जरा कमी घाल या खेपेला."